राखणीची पट्टी

जावयाची खोड चांगुणाबाईंना ठाऊक होती. बंदी म्हणजे दुसऱ्यांसाठी, असंच तो धरून चालायचा. विणीच्या दिवसांत गिधाडांच्या कड्यावर जायचं नाही, तरी व्हिडिओसाठी दोर सोडून उतरलाच. त्यांना ते चुलीपाशीच कळलं. गावाने त्यांच्या मनगटाला राखणीची पट्टी बांधलेली. घरट्यातल्या मादीचं काळीज त्या पट्टीतून त्यांच्या छातीत धडधडायचं. आज ते भेदरून धावत सुटलं, शांत होईचना. बसवेना, उठवेना, भाकरी करपली. अंडं उघडं टाकून मादी आभाळात भिरभिरत होती.

लेकीला न्यायला आलेला जावई हसत दारात आला. "मामी, चहा टाका!"

छाती दाबून धरत त्या म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत बूट घालून घुसलात, जावईबापू! ती अंड्यावर बसेस्तोवर या घरात तुम्हाला पाणीसुद्धा नाही, आणि लेक माझी इथंच राहील."