परत आलेला पाट

रोह्याचा सुजय पाट काखोटीला मारून पेणला गणपतीच्या कारखान्यात शिरला, तेव्हा सगळ्यांना भरून आलं. शुक्रवारपासून त्याचा थोरला भाऊ बेपत्ता होता आणि हा बिचारा कोलाडपर्यंत गावं पालथी घालत होता. "आमचा गणपती याच पाटावर बसवा, तोच दादाला घरी आणील," तो हुंदका आवरत म्हणाला. मूर्तीचे डोळे रेखणाऱ्या शकूचा हात मात्र थबकला. भाऊ हरवण्याआधी, सोमवारीच, सुजयने मूर्तीसाठी आगाऊ आणून ठेवलेला हाच पाट परत नेला होता. "सुतक हाय गो, यंदा गणपती नाय," म्हणाला होता. शकूला वाटलेलं, गावाकडचं कुणी म्हातारं गेलं असेल. मग ते सुतक इतक्यात फिटलं कसं? की सोमवारी ते अजून लागायचं होतं? तिने मान वर केली. डोळे पुसत सुजय मायेने म्हणाला, "त्या दिवशी इथं तू एकटीच व्हतीस ना गो?"