ज्याची त्याची मूठ

माणिकबाईने खुशालराव पाटलांच्या ताटात भाकर टाकली आणि ती तिथेच उभी राहिली. वाढणाऱ्या बाईने पंगतीत एकाच ताटापाशी असं थांबू नये, हे तिला कळत होतं. तरी ती थांबली.

अमरावतीच्या राजापेठेतल्या कृषक सेवा मंडळाचा वार्षिक दिवस होता. बोर्डिंगच्या अंगणात तीस देणगीदार मांडी घालून बसले होते. मधोमध नागपूरहून आलेले कौन्सिलचे मेंबर महादेवराव, आणि त्यांच्या उजव्या हाताला मंडळाचे अध्यक्ष खुशालराव. नव्या इमारतीच्या फंडासाठी पाहुण्यांनी वर सरकारात शब्द टाकावा म्हणून शक्कल खुशालरावांचीच: पक्वान्न नको, बोर्डिंगातली पोरं खातात तीच मुष्टिफंडाची भाकर सगळ्यांनी खायची. मुष्टिफंड म्हणजे घरोघरी रोज एक मूठ ज्वारी बाजूला काढायची, आठवड्याने मंडळाचा माणूस थैली घेऊन जाणार आणि त्यावर चाळीस पोरं जेवणार. साधेपणा दिसतोही छान आणि पडतोही स्वस्त.

आठच दिवसांपूर्वी याच अंगणात खुशालरावांनी माणिकबाईचं गाठोडं सोडायला लावलं होतं. पोरांच्या भाकरीला कुबट वास येतो, दाताखाली खडे येतात, तेव्हा स्वयंपाकीण चांगली ज्वारी बाजारात विकते आणि सडकी रांधते, असा त्यांचा हिशेब. गाठोड्यातून निघाली दोन लुगडी आणि एक फणी. तरी ठराव झालाच. वार्षिक जेवण उरकलं की कोठीच्या चाव्या खाली ठेवायच्या आणि चालू लागायचं. चोर ठरलेल्या बाईला अमरावतीत कोणी आपल्या चुलीपाशी बसू देत नाही.

खुशालरावांनी घास मोडला, तोंडात घातला. दाताखाली कचकन वाजलं. शेजारच्यालाही ऐकू गेलं.

"पाहा साहेब," ते पाहुण्यांकडे वळले. त्यांना राग कमी, आनंदच जास्त झाला होता. "लोक सोन्यासारखं धान्य देतात, अन् या बाईनं त्याची अशी माती करून ठेवली!"

महादेवरावांनी आपल्या ताटातली भाकर उचलून पाहिली. "माझी तर दुधासारखी पांढरी आहे, पाटील. बाई, कुठली ही ज्वारी?"

"सहदेव माळ्याची, साहेब."

पंगतीच्या टोकाला बसलेल्या, बाजारात वांगी विकणाऱ्या सहदेवने चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली.

"तुमची मूठ या फंडात नाही, म्हून तुमाले त्याच्या घरची वाढली," माणिकबाई म्हणाली. "बाकी साऱ्याईले ज्याची त्याची."

"ज्याची त्याची म्हणजे?"

"या आठवड्याच्या थैल्या म्या कोठीत ओतल्याच नाही. पंगतीतल्या तीस घरच्या तीस थैल्या, तीस दळणं. दर दळणामागं जातं पुसून घेतलं. ज्यानं जे देल्लं, ते त्याच्या ताटात हाये."

तीस माना तीस ताटांवर वाकल्या. ज्यांच्या भाकरी पांढऱ्या होत्या, ते उगाच ताठ बसले. ज्यांच्या तांबूस होत्या, त्यांनी त्या घाईघाईने वरणात बुडवल्या. खुशालरावांची भाकर वरणात बुडूनही लपण्यासारखी नव्हती. जमिनीतल्या पेवाच्या तळाची, ओल लागून काळी पडलेली ज्वारी होती ती. गडीमाणसाच्या पदरात घालावी तर तोही नाक मुरडतो, मग ती दानाला काढतात.

"जात्याचे खडे असतील," खुशालराव म्हणाले.

"जातं एकच हाये, पाटील. मंग बाकीच्याईले कावून लागून नाही राहिले?"

कोणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. मंडळाचे चिटणीस देवीदास मास्तर. चाव्या ताब्यात घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. कानात विचारायची गोष्ट त्यांनी चांगली खणखणीत विचारली, "अध्यक्षसाहेब, त्या चाव्यांचं कसं करायचं?"

भाकर वाईट म्हणावी तर ज्वारी आपली. ज्वारी चांगली म्हणावी तर भाकर खावी लागणार. खुशालराव हिशेबी माणूस. त्यांनी घास गिळला.

"राहू द्या तिच्याचपाशी. भाकर... तशी बरी आहे. जुन्या ज्वारीले चव असते."

दुसरी एखादी बाई इथे डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली असती. माणिकबाईही गेली, आणि टोपलं घेऊन परत आली.

"बरी लागली ना? मंग संकोच करू नका. तुमच्या घरच्या सात मुठीच्या चार भाकरी झाल्या. म्या त्यातली एकबी दुसऱ्या कोनाले देल्ली नाही."

दुसरी भाकर ताटात पडली. शेजारी महादेवराव, ज्यांना तासाभरापूर्वीच खुशालरावांनी अन्न टाकू नये यावर व्याख्यान ऐकवलं होतं. ते मोडत राहिले, चावत राहिले. प्रत्येक घासाला कचकन आवाज येत होता आणि आता कोणी खोकत नव्हतं.

पंगतीची जेवणं झाली. पण यजमान उठल्याशिवाय पंगत उठत नाही. उष्टे हात ताटावर धरून तीस माणसं बसून राहिली. हातांवरचं वरण वाळून कातडी ताणायला लागली. महादेवरावांनी डाव्या हाताने खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि पुन्हा ठेवून दिलं. सहदेवला खुशालरावांकडे पाहवेना. तो अंगणातल्या लिंबाकडे पाहत बसला.

दुसरी भाकर संपली तेव्हा खुशालरावांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी ताटावर आडवा हात धरला. माणिकबाईने तो हात उठेपर्यंत वाट पाहिली. मग वाकून, अगदी घरच्या माणसाला वाढावं तशी, तिसरी वाढली.

"ऊन ऊन हाये, पाटील," ती म्हणाली. "सावकाश होऊ द्या."