पहिल्या वेचणीची रजई

ज्या साली विलायतेनं चढ्या भावानं कापूस ओढून नेला आणि बार्शीटाकळीच्या बायांच्या गळ्यात सोनं आलं, त्या साली नव्या नवरीच्या, गोदाबाईच्या अंगाला खरूज लागली. ती कडुनिंबाच्या पाण्यानं न्हायची, करंजाच्या तेलात गंधक कालवून चोळायची. आठ दिवस बरं वाटे, की पुन्हा बोटांच्या बेचक्यांत खाज.

“मायनं देल्ली ते रजई उकळत्या पाण्यात बुडव वो,” सासू माणिकबाई म्हणे. “साऱ्या घराले देशीन खरूज!”

“कापसाचा गोळा होईन ना, आत्याबाई! वेचणीच्या आंधी वावरात सीतादही पुजून मायनं वेचलेला पहिला कापूस हाये तो. तुमाले माह्या माहेरचं काहीच पाहवत नाही.”

शेवटी वैतागून नवऱ्यानं रजई मधोमध फाडली. आत नुसत्या कोणाकोणाच्या अंगावरच्या मळक्या चिंध्या.

“भाव चढला म्हणून माह्या मायचा कापूस इकला तुमी!” गोदाबाई सासूवर धावली.

माणिकबाईनं रजईचे काठ तिच्या हाती दिले. “टाका कोणाचा हाये, पाहून घे बाई.”



चारी काठांना मायचाच डावखुरा टाका होता. एकही गाठ परकी नव्हती.