पाच वर्षं बिनघोर

"ज्याला दोन हात आहेत, त्याला सुतार लागत नाही!" अशी घोषणा करून निवृत्त गणिताच्या मास्तरांनी भिंतीवर फळी ठोकायला घेतली, आणि अर्ध्या तासात त्या दोनांपैकी एका हातात गंजका खिळा घुसवून ते बायकोसह दवाखान्यात हजर झाले.

"याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं?" जखम धुता धुता डॉक्टरबाईंनी विचारलं.

मास्तर छताकडे बघत आठवू लागले.

"चपलांचं स्टँड केलं तेव्हा," बायको म्हणाली. "सहा वर्षं झाली. स्टँड दुसऱ्या दिवशी पडलं, इंजेक्शन टिकलं."

"मग आज द्यायलाच हवं." सुई टोचून डॉक्टरबाई म्हणाल्या, "झालं. आता पाच वर्षं तरी काळजी नको."

मास्तरांचा चेहरा उजळला. "पाच वर्षं! अगं, मग फळीचं काय घेऊन बसलीस? आता पलंगच करतो!" आणि शीळ घालत ते बाहेर पडले.

बायको दारातच घुटमळली.

"डॉक्टर, त्या पलंगावर मलाही झोपायचंय हो. त्यांना परत बोलावते. इंजेक्शन आठवडाभरच टिकतं, एवढं सांगाल का?"