चाऊसची अरबी

निजामाच्या फौजेत भरती व्हायला तरणेपणी अरबस्तानातून आलेला सालेह चाऊस पेडगावातच म्हातारा झाला. परवा ताप डोक्यात गेला आणि घरात कधी कुणाशी न बोललेली अरबी त्याच्या तोंडून यायला लागली. तो अंगावरची वाकळ लाथेनं उडवायचा, मुलाचं मनगट आवळायचा आणि तेच ते पुन्हा म्हणायचा.

"अब्बा क्या बोल रहे?" मुलानं मौलवींना विचारलं.

मौलवींना सगळं कुराण पाठ होतं, पण अरबीत कुणाशी बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते म्हणाले, "अरबी है. अच्छाच बोलते होंगे. आमीन बोलो."

म्हातारा बोलला की सगळे आमीन म्हणायचे. तो चिडून ओरडला की तेही आवाज चढवायचे. दारात बसलेल्या शेजारच्या आश्रुबा धनगरानं तर हातच जोडले.

शेवटी म्हाताऱ्याची नजर आश्रुबावर गेली. त्याच्याशी तो जन्मभर मराठीतच बोलला होता.

"आश्रुबा," तो म्हणाला, "ह्यान्ला सांग, दुवा मंग करा. आदी मला घोटभर पानी पाजा."