एमोस टगलचा फलक

फलकावर पुन्हा गोळ्या झाडल्या होत्या. ‘एमोस टगल’ या नावाची चाळण झाली होती. खालचा मजकूर मात्र शाबूत होता: एका गोऱ्या माणसाला वाट दिली नाही म्हणून जमावाने या कृष्णवर्णीय माणसाला याच ओकच्या झाडाला फाशी दिली.

एमोसची भाची व्हर्लीन, सत्तरी ओलांडलेली, झाडाखाली उभी होती. तिच्या भावाचा मुलगा क्लीओथा जुना फलक उतरवत होता. नवा, जाड पोलादाचा, गवतात पडला होता.

“आत्या, हा चर्चच्या अंगणात लावू या. इथं पुन्हा तेच होणार.”

“मामाला चर्चच्या अंगणात मारलं होतं का?”

क्लीओथाने नवा फलक खांबाला टेकवला.

मिसिसिपीच्या त्या कच्च्या रस्त्यावरून एक पिकअप हळूहळू आली. शेजारच्या कापसाच्या शेताचा गोरा मालक डेल खाली उतरला. व्हर्लीनच्या मुलाच्या वयाचा.

“काय गं व्हर्लीन, परत?” त्याने मान हलवली. “शिकारी असतील. धरतात हरणावर नेम, गोळी जाते भलतीकडे.”

“नावाबाहेर एकही गेली नाही, डेल.”

तो हसला. नव्या पोलादावर बोटांनी टकटक केली.

“दणकट आहे. पण चर्चमध्ये का नाही लावत? तिथं सगळी तुमचीच माणसं.” मग जरा थांबून म्हणाला, “छे, नकोच. ते चर्च सगळं सुक्या लाकडाचं, एक ठिणगी पुरे, नाही का?”

क्लीओथाच्या हातातला पाना गळून पडला. डेलने तो वाकून उचलला, पँटला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

“सांभाळून, बाबा.”

पिकअप निघून गेली.

“आत्या, ऐकलंस ना?”

“ऐकलं. बोल्ट आवळ.”

त्याने बोल्ट आवळले. “चल, बस गाडीत,” तो म्हणाला. व्हर्लीन हलली नाही. फलकाला पाठ टेकून ती रस्त्याकडे बघत राहिली.

पुढच्या वळणावर पिकअप फिरली आणि तोंड त्यांच्याकडे करून उभी राहिली. टळटळीत दुपार होती. तरी डेलने पुढचे दिवे लावले, थेट त्यांच्या अंगावर.