पोलादपूरचं व्होल्टेज

"आता चालू करू या, साहेब," प्राचार्य भिकाजी सर म्हणाले, आणि आमदार महिपतरावांच्या घशात पेढा अडकला.

कॉलेजात कॉम्प्युटर येऊन वर्ष होत आलं होतं. आमदार महिपतरावांनी तो मंजूर केला, कारखानदार महिपतरावांनी पुरवला, आणि आज प्राध्यापक महिपतराव त्यावर परीक्षा घ्यायला आले होते. तिघं एकाच सदऱ्यात राहत असल्याने त्यांचं आपापसात छान जमायचं. मार्च संपत आला म्हणून कारखान्याने तेव्हा नुसता डबा पाठवला. आतलं सामान मागाहून जायचं होतं, ते राहिलंच. "इथलं व्होल्टेज कमी आहे, लावाल तर जळेल," असं महिपतरावांनी उद्घाटनातच बजावलं होतं. पोरं काळ्या पडद्यासमोर बसून बटणं दाबायला शिकली. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली. हळदकुंकू अजून त्याच्या कपाळावर होतं.

"पण व्होल्टेजचं काय?"

"म्हणजे काय, साहेब? ट्रान्सफॉर्मरचा शब्द तुम्हीच दिला होतात ना सभेत? आला की परवा."

आपलं आश्वासन पाळलं गेल्याचा एवढा धक्का महिपतरावांना आजवर बसला नव्हता.

त्याच सभेत आणखी एक शब्द गेला होता: पास होईल त्याला महाडच्या आपल्या कारखान्यात नोकरी. त्यासाठी डोंगरातल्या वाडीवरून रोज चालत येणारी तुळसा पहिली आत आली. चपला तिने दाराशीच काढल्या होत्या. यंत्राला हात जोडून तिने बटण दाबलं.

काही झालं नाही. तिने पुन्हा दाबलं. डोक्यावरचा पंखा मात्र कधी नव्हे तो भन्नाट फिरत होता.

तुळसाने बोट मागे घेतलं.

"माज्या हातून जळला, सर."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते महिपतरावांच्या जिभेपर्यंत आलंही. तिथे त्याला पेढ्याची चव लागली.

"असू दे, पोरी. होतं असं," ते म्हणाले. "मी पास केलं तुला. एक तारखेपासून ये कारखान्यात."

"नको, सर. तिथली यंत्रंबी जाळंन मी."

"अगं, साहेबांचं मन बघ केवढं," भिकाजी सर म्हणाले. "पाया पड त्यांच्या."

तुळसा वाकली. ते बोट तिने मुठीत घट्ट मिटून धरलं होतं, साहेबांना लागू नये म्हणून.